तिरडीपुढचा फोटो

माझं माहेर महाडच्या पेठेतलं. सातवीपर्यंत शाळा झाली आणि मला पोलादपूरच्या वर, उमरठच्या अलीकडच्या एका वाडीत दिलं. पोलादपूरला उतरून तासभर चाललं की आमचं घर. घरात सासरे, माझा नवरा आणि मी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. थोरले दीर मुंबईला कुठल्याशा कंपनीत होते. सहा वर्षांत मी त्यांना एकदाच पाहिलं होतं, माझ्याच लग्नात.

सासऱ्यांना सगळी वाडी आबा म्हणायची, मीही म्हणायची. शेवटचं दीड वर्ष ते अंथरुणावर होते. उठवणं, धुणं, भरवणं सगळं मी केलं. कौतुकासाठी सांगत नाही. पुढचं कळावं म्हणून सांगते.

आबांचं डोकं शेवटपर्यंत लख्ख होतं. गोठ्याच्या माळ्यावर त्यांनी ऐनाच्या सरपणाचा ढीग वेगळा लावून घेतला होता आणि त्यातलं एक ढलपंही मला चुलीला घेऊ द्यायचे नाहीत. एका दुपारी पेज भरवताना मला म्हणाले, "गो पोरी, ऐक. बेटातले खालच्या अंगाचे दोन बांबू ठेवलेत, ते तोडायचे. नवं धोतर पेटीत हाय. लाकडं माळ्यावर हायत. कुणाच्या दारात काय मागायला जायचा नाय."

मी म्हटलं, "आबा, पेज घ्या."

"पेज घेतो. पन मला येळेवर न्या. ताटकळत पडून राहायला मला जमायचं नाय. जित्तेपनी लय पडून राहिलो."

एवढंच मागणं होतं त्यांचं.

श्रावण संपत आला होता. आबांनी अन्न सोडलं तेव्हा नवऱ्याने पोलादपूरला जाऊन मुंबईला तार केली. तिसऱ्या दिवशी पहाटे आबा गेले. मी तोंडात पाणी घातलं, तुळशीचं पान ठेवलं. जमीन सारवून त्यांना खाली घेतलं, हनुवटी फडक्याने बांधली, पायाचे अंगठे बांधले, उशाशी दिवा लावला. सकाळी भावकी जमली. दीड वर्षात आमच्या पायरीवर न चढलेले लोक त्या दिवशी ओटीवर मांडी घालून बसले आणि कोणता बांबू घ्यायचा यावर मोठमोठ्याने बोलू लागले. मी बांबू दाखवले. माळ्यावरची लाकडं ओढ्याकाठी नेऊन रचूनही झाली. आंघोळ घातली, धोतर नेसवलं, तिरडी बांधली. आभाळ उघडं होतं. दहाच्या सुमाराला आता उचलायचं, तेवढ्यात थोरले दीर वाट चढून आले.

कोट, पायांत बूट, डोळ्यांना काळा चष्मा. बापाच्या पायाशी बसले, मोठ्याने रडले. ते रडणं मी खरंच मानलं असतं, पण डोळे पुसून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा.

"फोटोवाल्याला बोलावलंय का?"

माझा नवरा म्हणाला, "कसला फोटो, दादा?"

"कसला म्हंजे? आखरी यादगार. मुंबईत आता सगळे काढतात. बापाचा एक फोटो नाय आपल्याकडं. लोक विचारतात, काय सांगू?"

बाप जिवंत असताना सहा वर्षांत फोटो काढायला यायला कुणी यांचा हात धरला होता? पण हे मी मनात म्हटलं. माझ्या नवऱ्याने तर मनातही म्हटलं नसेल. तो दादांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला, वळू सुटला की वासरू जसं कुंपणाला चिकटतं तसा.

मला वाटलं, भावकीतले म्हातारे तरी नाही म्हणतील. त्यांतला सगळ्यात वडील माणूस पंच म्हणून मिरवायचा. जन्म-मरणाचं काहीही असो, शेवटचा शब्द त्याचा. त्याने मिशीवरून हात फिरवला आणि विचारलं, "फोटूत आमी पन येनार का?"

"सगळे येणार," दीर म्हणाले.

"मग हरकत नाय. बापाची आठवन ऱ्हायला पायजे."

दोन माणसं महाडला धाडली. पायी पोलादपूर, तिथून एसटी, मग फोटोवाला शोधायचा आणि त्याला त्याच्या पेट्यांसकट परत आणायचं. जायला यायला सहा तास. आबा अंगणात तिरडीवर. त्यांच्यावर मी एक गोधडीचा आडोसा धरला, माश्या वारत बसले.

आणि भावकी काय करत होती? कपडे करायला घरी गेली होती. मी डोळ्यांनी पाहिलं. मयताला उघड्या अंगाने आलेली माणसं तासाभरात फेटे बांधून, लग्नातले कोट चढवून परत आली. एकाने तर मिशीला तेल लावलं होतं. बायकाही आतून बघत होत्या, पण फोटोत बायका नकोत असं पंचाने आधीच सांगून टाकलं होतं. त्या दिवशी त्याच्याकडून माझं भलं झालं असेल तर ते एवढंच.

दोनच्या पुढे आभाळ भरून आलं. तीनला सर आली. आबांना आम्ही ओटीवर घेतलं. ओढ्याकाठी रचलेली ऐनाची लाकडं, वर्षभर कोरडी ठेवलेली, उघड्यावर भिजत पडली. मी नवऱ्याला म्हटलं, "निदान लाकडांवर काहीतरी टाका हो."

तो म्हणाला, "दादांना इचारतो."

दादांना विचारायला तो गेला आणि दादांच्या कोटाला शेजारच्या घरी इस्त्री मिळेल का, ते बघायला निघून गेला.

साडेचारला फोटोवाला आला. महाडचाच, माझ्या माहेरच्या आळीत राहणारा, शांत माणूस. घामाने आणि पावसाने निथळत होता. सर थांबली होती, आबांना पुन्हा अंगणात आणलं होतं. दिरांनी शाळेतून मास्तरांची खुर्ची आणवून ठेवली होती. म्हणाले, "आबांना खुर्चीत बसवू. वर फेटा. जिवंत असल्यासारखं वाटलं पायजे."

चारपाच जणांनी तिरडीचे दोर सोडले. आबांचे खांदे धरून ते त्यांना वाकवायला लागले. पहाटे गेलेला देह, त्याचं लाकूड झालं होतं. तो वाकेना. एक जण म्हणाला, "गुडघ्यावर दाब रे."

मी माजघराच्या उंबऱ्यावरून अंगणात आले. पदर डोक्यावर होता की नव्हता, आठवत नाही.

"आबांना खाली ठेवा," मी म्हणाले.

दीर म्हणाले, "तू आत जा. पुरुषांच्या कामात बायकांनी पडायचं नाय."

"दीड वर्षं त्यांचं धुतलंय मी. तेव्हा पुरुष कुठं होते?"

फोटोवाल्याने कॅमेऱ्यावरचं काळं कापड खाली ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई बरोबर सांगतायत. देह ताठलाय, आता बसणार नाही. जोर केलात तर हाडं मोडतील. तसला फोटो मी काढणार नाही."

माझ्यासाठी नाही, पण महाडचा माणूस बोलला म्हणून त्यांनी ऐकलं. आबांना पुन्हा तिरडीवर बांधलं आणि तिरडी भिंतीला तिरपी उभी केली. पुढे भावकी दोन ओळींत. मधोमध दीर, हातात विस्तवाचं मडकं. मडकं धरणाराच अग्नी देतो, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. विस्तवाचा धूर डोळ्यांत जायला लागला तेव्हा फोटोवाल्याने सांगितलं, धूर फोटोत बरा दिसणार नाही. दिरांनी विस्तव पायरीवर ओतला आणि रिकामं मडकं धरून उभे राहिले. मान किंचित खाली, चेहरा दुःखी.

फोटो झाला. दिरांनी मडकं माझ्या नवऱ्याच्या हातात दिलं.

"धर. अग्नी तूच दे."

"मी? थोरला तू हायस."

"मला दहा दिवस सुतक धरून बसता येणार नाय रे. तीन दिवसांची रजा हाय. आणि टक्कल करून कंपनीत गेलो तर साहेब काय म्हणेल?"

आणि माझ्या नवऱ्याने ते मडकं घेतलं. पायरीवरचा विस्तव पुन्हा त्यात भरला. बोटं भाजली असतील.

लाकडं पेटेनात. ओढ्यावरून एक जण धावत रॉकेल मागायला आला, मग दुसरा सुक्या गोवऱ्या मागायला. मी घरातल्या सगळ्या गोवऱ्या दिल्या, पडवीतलं सरपण दिलं. शेजाऱ्यांच्या दारात जाऊन मी आणखी मागून आणलं. आबांनी नको म्हणून सांगितलेली दुसरी गोष्टही झाली. दीर अर्ध्या वाटेवरून परत आले होते. बूट भिजले म्हणाले. शेजारणीने चहा आणून दिला, तो त्यांनी बशीत ओतून प्यायला आणि साखर कमी आहे म्हणाले.

तिसऱ्या दिवशी राख सावडून ते मुंबईला गेले. नवऱ्याने डोकं भादरलं, दहा दिवस चटईवर झोपला. तेराव्याला भावकी जेवायला आली. आबांचं नाव कुणी काढलं नाही. पंचाने चौथा लाडू घेताना विचारलं, "फोटू कधी येनार?"

फोटो नवरात्राच्या सुमाराला टपालाने आला. फेटे स्पष्ट, कोट स्पष्ट, तेल लावलेली मिशी स्पष्ट. मागे भिंतीला टेकवलेले आबा पंचाच्या फेट्याआड निम्मे झाकलेले. माझा नवरा कडेला, फक्त खांदा आणि एक कान. ज्याचं तोंड आलं नव्हतं तो एक चुलत सासरा आमच्याशी वर्षभर बोलला नाही.

नवऱ्याने फोटो उजेडात धरून बघितला आणि म्हणाला, "आबा बरे दिसतायत."

त्या क्षणी मला दिरापेक्षा त्याची जास्त किळस आली. दीर स्वार्थी होते, त्यांना आपलं काय हवं ते कळत तरी होतं. याला काहीच कळत नव्हतं, किंवा कळूनही ते पोटात घालून झोप लागत होती. आणि मी तरी काय? सकाळी दहाला बोलायचं ते साडेचारला बोलले.

पंच फोटो बघायला आला, तेव्हा मी तो त्याच्या हातात दिला. "घेऊन जा. तुमच्या घरात शोभेल."

त्याला तो मान वाटला. घरी नेऊन त्याने देवळीच्या वर खिळा ठोकला आणि आपला फेटा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवू लागला. नवरा माझ्याशी तीन दिवस बोलला नाही. मग भातकापणी आली. एकाने कापायचं, दुसऱ्याने पेंढ्या बांधायच्या, बोलावंच लागतं.