कच्च्या घराची भेट

आमच्या टीचर पालकांना सगळं आधी कळवायच्या. याबद्दल शाळेत त्यांचं फार कौतुक होतं. दर शुक्रवारी शाळा सुटली की त्या गेटपाशी उभ्या राहायच्या आणि पुढच्या आठवड्यात कोणता धडा, कोणता प्रोजेक्ट, घरून काय पाठवायचं ते आयांना सांगायच्या. निम्मं इंग्रजी, निम्मं हिंदी. माझी आई मागे उभी राहून कान देऊन ऐकायची. रत्नागिरीकडच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली बाई ती, जे कळायचं नाही ते घरी येताना मला विचारायची. मी तेव्हा तिसरीत होते. दोन हजार सालानंतरची ती वर्षं, मीरा रोडला टॉवरामागून टॉवर उठत होते आणि माझ्या वर्गातली बहुतेक मुलं त्यांतूनच यायची. आम्ही राहायचो घोडबंदरच्या वाटेवर, टेकडीखालच्या वस्तीत.

एका शुक्रवारी टीचरनी आईला पुढे बोलावलं.

"मम्मी, नेक्स्ट वीक हाउस का लेसन है. बच्चों को आपका घर दिखाने लाऊं? चलेगा ना?"

"चलेगा क्या, दौडेगा! आओ ना मॅडम," आई म्हणाली.

बाकीच्या आया एकमेकींकडे बघून हसल्या. त्यांच्या मुलांच्या डायरीत कसली भेट आहे त्याची नोटीस आधीच चिकटवलेली होती. माझ्या डायरीत नव्हती. ज्यांचं घर बघायचं त्यांना कशाला कळवा, असा टीचरचा विचार असावा.

आई आठवडाभर जमिनीवर नव्हती. "सगळ्या वर्गातून आपलंच घर निवडलं," असं तिने गल्लीत सगळ्यांना सांगितलं. पडदे धुतले, शेजारून खुर्च्या आणल्या, पप्पांना कारखान्यात जायच्या आधी दाराला रंगाचा हात मारायला लावला. गावाहून आलेलं कोकम तिने पाहुण्यांसाठी राखून ठेवलं होतं, त्याचं सरबत केलं. ट्रे नवा आणला.

शाळेची बस गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि अख्खा वर्ग चपला-बुटांसकट आमच्या घरात शिरला. न मावलेली मुलं दारात उभी राहिली. टीचरनी पुस्तक उघडून माझ्या हातात दिलं आणि वाच म्हणाल्या. मी खणखणीत आवाजात वाचलं, "पुअर पीपल लिव्ह इन कच्चा हाउसेस. दीज हाउसेस आर नॉट स्ट्राँग." आईचा चेहरा फुलला होता, लेक फाडफाड इंग्रजी वाचत होती ना! पण त्या सगळ्या इंग्रजीत एक शब्द तिचा निघाला. ट्रे हातात धरून ती तशीच थांबली.

"कच्चा किधर है मॅडम?" तिने विचारलं. "विटा है, सिमेंट है. माल मैंने खुद कालवला, इसके पप्पा ने भिंत उठाया."

"मम्मी, बुक में जो है वही सिखाना पडता है," टीचर हसल्या. पट्टी वर करून त्यांनी छत दाखवलं. "पत्रा मतलब कच्चा. चिल्ड्रन, राइट डाउन."

मुलं वहीत लिहायला लागली. एकाने विचारलं, "टीचर, स्ट्राँग है क्या, चेक करूं?" आणि उत्तराची वाट न बघता भिंतीला लाथ घातली. मग अजून तिघा-चौघांनी घातली. चुन्याचा एक पोपडा सुटून खाली पडला. टीचर त्यांना ओरडतील म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "सी?"

मला त्या बाईचा आजही संताप येतो, आणि तो कमी व्हावा असं मला अजिबात वाटत नाही.

आईने तरीही ट्रे पुढे केला. एका मुलीने ग्लास उचललाही होता. "नो, नो, बाहर का पानी नहीं," म्हणत टीचरनी तो काढून परत ट्रेमध्ये ठेवला. बस गेली. आई आणि मी एकेक ग्लास प्यायलो, बाकीचं सरबत तिने गल्लीतल्या पोरांना वाटलं. पोपडा उचलून तिने केरात टाकला आणि मला बजावलं, "कुणी विचारलं तर पक्कं घर आहे म्हणायचं. घाबरायचं नाही."

महिनाभराने चाचणी झाली. त्यात प्रश्न होता, तुम्ही कोणत्या प्रकारच्या घरात राहता? मी पक्क्या घरात असं लिहिलं. टीचरनी त्यावर काट मारून शेजारी लाल शाईने मोठ्या अक्षरांत 'कच्चा' लिहिलं आणि त्याखाली पालकांच्या सहीसाठी रेघ ओढली. मुलाचं काय चुकलं ते पालकांना कळलंच पाहिजे, असा त्यांचा नियम होता. सही नसली की दुसऱ्या दिवशी वर्गाबाहेर उभं राहावं लागे.

आईने पेपर गुडघ्यावर घेतला. लाल काय लिहिलंय ते तिने विचारलं, मी सांगितलं. मग तिने माझ्याकडून पेन मागून घेतलं.

"याच्या खालीच करायची ना?"

मी हो म्हटलं. तिने सही केली.