भेगेत बसलेलं कुंकू

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. कव्हरला पडलेली भेग मी पाहिली होती. सेन्सर परत हौदात सोडताना भेगेची बाजू मीच भिंतीकडे फिरवली.

जालन्याच्या एमआयडीसीत, तारेच्या कारखान्यात, मी मीटर-सेन्सर सांभाळायचो. तारेचा गंज काढायला गरम अॅसिडचा हौद होता. हौदात तापमानाचा सेन्सर, सळईसारखा उभा. त्याच्या आकड्यावर वाफेचा व्हॉल्व्ह आपोआप उघडायचा, मिटायचा. पण अॅसिड त्या सेन्सरचं स्टील पंधरा दिवसांत खाऊन टाकायचं. त्यावर टेफलॉनचं, तळाशी बंद असलेलं कव्हर चढवायचं मला सुचलं. चहाच्या पुड्याच्या कागदावर चित्र काढून मी ते फोरमनला दिलं.

खंडेनवमीला आमच्याकडे पाने-पकडी, मीटर, सेन्सर, सगळं काढून धुतात, पाटावर मांडून हळदीकुंकू वाहतात. त्या वर्षी कव्हरच्या आयडियासाठी मालकाने फोरमनला शाल-नारळ दिला. पूजेचं ताट माझ्या हातात होतं. फोटो काढताना फोरमन म्हणाला, "ए हळदीकुंकू, सरक जरा. ताट आलं म्हंजे झालं, तू न्हाई आला तरी चालतं."

सगळे हसले. मीही हसलो. पुढे वर्षभर सगळे मला 'हळदीकुंकू'च म्हणायचे.

पुढच्या खंडेनवमीला सेन्सर धुऊन मी त्याला कुंकवाचं बोट लावलं, तर कव्हरच्या तळाजवळ कुंकू एका रेघेत बसलं. केसाएवढी भेग. तारेच्या गुंडाळीचा धक्का लागला असणार. एरवी दिसली नसती, कुंकवाने दाखवली. मी ओल्या फडक्याने रेघ पुसली.

फोरमन मागे येऊन उभा राहिला. "बराबर हाय ना?"

"एकदम बराबर, साहेब."

"असनारच. कव्हर कोनाचं हाय?"

"तुमचंच की."

हे बोलताना जिभेवर जी गोडी आली, तशी त्या दिवशीच्या प्रसादालाही नव्हती. मनात म्हटलं, तुझंच आहे ना? मग तूच भोग.

पाचव्या दिवशी, भर दुपारी, भेगेतून आत झिरपलेल्या अॅसिडने सेन्सर बिघडला. हौद उकळायला आला तरी मीटर कमीच दाखवत होता, आणि वाफ चालूच. पांढरा धूर उसळला. माणसं बाहेर पळाली. हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह माझ्यापासून दहा पावलांवर होता. मी गेलो नाही. मला फोरमनचा चेहरा बघायचा होता, आणि तो मी बघत उभा राहिलो.

त्याने नाकाला रुमाल बांधला, माझ्या शेजारून आत गेला आणि व्हॉल्व्ह बंद केला.

सगळी तार वाया गेली. मालकाने सगळ्यांसमोर विचारलं, "कव्हर तुझंच ना?" वाटलं, आता माझं नाव घेईल. तो म्हणाला, "व्हय, माझंच." त्याला काढून टाकलं. त्या आठवड्यात मला झोप छान लागली, भाकरी दोन घास जास्तच गेली. खोटं कशाला सांगू?

आता तो बदनापुरात मेव्हण्याच्या बियाण्याच्या दुकानात बसतो. परवा गेल्तो. धुराने त्याचा आवाज बसला तो बसलाच, गिऱ्हाइकाला भाव दोनदा सांगावा लागतो. मला पाहून त्याने स्टूल पुढे सरकवलं.

"बरं झालं आला. एक सांग, त्या कव्हरला काय झाल्तं? मी रोज इचार करून राह्यलो. चित्र तर तुझं बराबर होतं." त्याने मान खाली घातली. "तुझंच होतं ते."

एवढी वर्षं जे ऐकायचं होतं ते ऐकलं, पण जिभेवर ती गोडी आली नाही.

"काय म्हाईत, साहेब," मी म्हणालो.

"जाऊ दे. चहा घे."

चहा पिऊन मी निघून आलो. त्याने विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर मी त्याला देणं लागतो. अजून दिलेलं नाही.