पेणवरून कोण आलं

वरसे गावात आमच्या शेजारी राहणारी आजी वाटेतल्या प्रत्येक बाईला थांबवून जेवणाची चौकशी करायची. अंगणात पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं. पेणला ऑपरेशन झालं, हाड जुळलं, वॉकर धरून ती चालूही लागली. डॉक्टर खूश होते.

पण दुपारी ती आमच्या दारात येऊन हळूच विचारायची, "म्हातारी आली का गो पेणवरून?"

"कोण म्हातारी?"

"त्या घरातली," म्हणत ती स्वतःच्याच घराकडे बोट दाखवायची.

एकदा तिची सून वैतागून म्हणाली, "आलीय ती. आत झोपलीय."

आजी वॉकर घट्ट धरून त्या दाराकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "आता मी कुठं जाऊ गो?"

मी तिला आमच्या पडवीत बसवलं. तिला घरी सोडायला जायचा मलाही धीर होईना.