मोठं पुस्तक घ्या

मरायला टेकलेल्या एका लेखकाला मी सांगितलं, की मोठं पुस्तक लिहायला घ्या.

त्याने विचारलं म्हणून सांगितलं, एवढाच काय तो माझा बचाव. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. केंब्रिजपासून तासाभरावर, विटांच्या भट्ट्यांवर जगणाऱ्या एका गावातल्या हॉस्पिटलात मी छातीच्या वॉर्डात रजिस्ट्रार, म्हणजे मधल्या फळीतला डॉक्टर होतो. या भट्ट्यांवर युद्धानंतर दक्षिण इटलीतून माणसं आणली होती, त्यामुळे आमच्या वॉर्डात इंग्रजीच्या खालोखाल इटालियन ऐकू यायचं. हा मात्र भट्टीवाला नव्हता. सत्तरीला आलेला, हाडकुळा, उत्तर इटलीतला पत्रकार. नावावर दोन कादंबऱ्या. "पहिली लोकांनी वाचली, दुसरी माझ्या भावाने," असं तो सांगायचा. खोकल्यातून रक्त पडलं म्हणून दाखल झाला होता. एक्स-रे लाइट बॉक्सवर लावला तेव्हाच मला कळलं, आणि आठवड्याने रिपोर्टने तेच सांगितलं. कॅन्सर, आणि पसरलेला.

आमचे वरिष्ठ, कन्सल्टंट, म्हणाले, "त्यांना तुम्हीच सांगा. तुमची बोलण्याची पद्धत फार हळुवार आहे." इंग्रज माणूस नको असलेलं काम असंच कौतुकात गुंडाळून हातात देतो. मी ते कौतुक मिरवत वॉर्डाकडे निघालो, तर कॉरिडॉरमध्ये त्याची बायको उभी. ती दक्षिणेकडची, भट्टीवर कामाला आलेल्या भावापाठोपाठ इथे आलेली. काळा कोट, हातात झाकण लावलेला डबा. हॉस्पिटलचं जेवण तिने नवऱ्याला एकदाही खाऊ दिलं नव्हतं.

"आमच्याकडे सांगत नाहीत, डॉक्टर," ती म्हणाली. "सांगितलं की माणूस त्याच दिवशी मरतो. नंतर नुसतं पुरायचं राहतं."

हे वाक्य माझ्या मावशीचं असू शकलं असतं. आमच्या काकांना शेवटपर्यंत अल्सर होता. आख्ख्या गल्लीला खरं ठाऊक होतं, पोस्टमनलासुद्धा; फक्त काकांना नाही. मी मिरजेला शिकलो तिथेही पेशंट बाहेर बसायचा आणि निकाल थोरल्या भावाला सांगायचे. इथे ब्रिटनमध्ये वीस वर्षांच्या पोरीला समोर बसवून सरळ सांगतात, ते मला सुरुवातीला कसायाचं काम वाटायचं. त्यामुळे या बाईने माझा हात धरला तेव्हा मला वाटलं, चला, हे आपले लोक. आई, जेवण, रडणं, सगळं आपल्यासारखं. इटालियन म्हणजे ऑलिव्ह ऑइलमध्ये स्वयंपाक करणारे सांगलीकरच, अशी माझी समजूत झाली.

घरी माझ्या बायकोला हे सांगितलं. तीही डॉक्टर, भूल देणारी. ती म्हणाली, "तुला इटालियन कधीपासून कळायला लागले? गेल्या वर्षी रोमला जाऊन तू चार दिवस भात शोधत होतास."

पण त्याआधीच मी पराक्रम करून आलो होतो. पलंगाच्या पायथ्याचा चार्ट उचलून ऑफिसात ठेवला, नर्सेसना ताकीद दिली. वॉर्डची सिस्टर माझ्याकडे बघत नुसतं "तुमचा निर्णय, डॉक्टर" म्हणाली. मग पडदा ओढला, खुर्ची घेतली आणि हळुवारपणे खोटं बोललो. फुफ्फुसावर जुन्या आजाराचा डाग आहे, त्यातून रक्त येतं, वर्षभर औषध घ्या, मग बघू.

त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "डॉक्टर, माझ्या डोक्यात दोन पुस्तकं आहेत. एक लहान, एक मोठं. लहान म्हणजे एका हिवाळ्याची गोष्ट. युद्धात आम्ही चोरून एक पेपर छापायचो, मी आणि छापखान्याचे खिळे जुळवणारा एक माणूस. अंक पाठीवर बांधून डोंगर ओलांडायचो. त्याला पकडून गोळी घातली, मी वाचलो. चाळीस वर्षं झाली, जगभराचं लिहिलं, हे एवढंच नाही लिहिलं. मोठं पुस्तक म्हणजे सगळंच. आजोबांपासून. त्यात तो हिवाळाही येईल, आपल्या जागी. कोणतं घेऊ?"

आता हा प्रश्न वेळेचा होता, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण मला त्यात साहित्यिक सल्ला दिसला. लंडनच्या मंडळाच्या गणपती स्मरणिकेत माझे दोन ललित लेख छापून आले होते, आणि खराखुरा छापील कादंबरीकार मला विचारत होता. मी क्षणभर विचार केल्यासारखं केलं, आणि म्हणालो, "मोठं घ्या. लहान काय, कधीही होईल."

त्याच्या बायकोने पडद्यामागून माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं मी तिला अंगठी दिली.

त्याला स्टेरॉइड सुरू केलं होतं. त्याने कुणालाही काही दिवस तरतरी येते. याला भूक लागली, गाल भरले, झोप उडाली. पहाटेपासून टाइपरायटर बडवतो, असं बायको सांगायची. तो दर थोड्या आठवड्यांनी क्लिनिकला यायचा आणि तब्येतीऐवजी पुस्तकाचा रिपोर्ट द्यायचा. "आजोबा अजून मेले नाहीत," पहिल्यांदा म्हणाला. "हट्टी माणूस. साठ पानं खाल्ली." पुढच्या वेळी वडिलांचं लग्न ठरलं होतं. मी वजन लिहून घ्यायचो. ते प्रत्येक वेळी उतरलेलं असायचं. त्याच्या पुस्तकात माणसं जन्माला येत होती आणि माझ्या कागदावर एक माणूस कमी होत चालला होता. तरी मी म्हणायचो, "छान चाललंय." पुस्तकाबद्दल म्हणालो, असं तेव्हा स्वतःला समजावलं.

अशाच एका भेटीत त्याने त्याच्या पहिल्या नोकरीचं सांगितलं. उत्तरेतल्या एका शहरातला पेपर, हा सगळ्यांत धाकटा. धाकट्याचं काम म्हणजे अपघातात कुणी गेलं की त्याच्या घरी जाऊन फोटो मिळवायचा. एकदा हा पोलिसांच्या आधी पोचला. आईने दार उघडलं. तिला काहीच माहीत नव्हतं. मुलगा कामावर गेलाय, बसा, कॉफी घेता का?

"मग?" मी विचारलं.

"मग मी कॉफी घेतली. पेपर चांगल्या कामगारांवर लेख करतोय असं सांगितलं. तिने सगळ्यांत छान फोटो शोधून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तो पेपरात पाहिला." तो थोडा खोकला. "संपादक खूश होता. मी मात्र ठरवलं, की यापुढे दारात उभं राहून खरं बोलायचं. त्यासाठी लोकांनी मला हाकललंय, एकाने कुत्रा सोडलाय. पण ती कॉफी परत घेतली नाही."

त्याला संशय आला होता का? मला आजही सांगता येत नाही. मी तेव्हा घाईघाईने त्याचं ब्लडप्रेशर घ्यायला लागलो. ते मी दोन मिनिटांपूर्वीच घेतलं होतं.

पुढे लंडनचा वार्ताहर म्हणून त्याला इकडे पाठवलं. तो या गावी भट्ट्यांवरच्या इटालियन लोकांबद्दल लिहायला आला, आणि जुन्या युद्धकैद्यांच्या बराकीत माणसं कशी कोंबली आहेत ते सगळं लिहून बसला. त्यावर त्याच्या पेपरने त्याला राणीच्या टोप्या आणि फुटबॉल लिहायला लावलं. त्याने नोकरी सोडली, बराकीतल्या एकाच्या बहिणीशी लग्न केलं आणि याच गावात राहून रात्रशाळेत इटालियन शिकवलं. त्याचं स्वतःसाठी सोडून सगळ्यांसाठी खरं बोलून झालं होतं, आणि ते एकच उरलेलं माझ्या सल्ल्याने आजोबांच्या मागे रांगेत उभं होतं.

हिवाळ्यात खांदा दुखायला लागला, हात उचलेना. रेडिओथेरपीसाठी केंब्रिजला पाठवायलाच हवं होतं. त्याला मी काय सांगितलं? "तिथे एक मशीन आहे, डाग सुकवतं." लहान मुलाला सांगतात तसं. बायको जीव मुठीत धरून बरोबर गेली.

अर्धं आयुष्य वार्ताहरकी केलेल्या माणसाला वेटिंग रूममध्ये बसवलं की तो काय करणार? त्याने शेजारच्याची विचारपूस केली. मग त्याच्या शेजारच्याची. आत बोलावणं येईपर्यंत त्याने सगळ्या खोलीची मुलाखत घेतली होती. कुणाला कुठे आहे, कधी कळलं, कोणी सांगितलं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्यालाच विचारलं, "आणि तुमचं कुठे?" तो म्हणाला, "माझा डाग आहे." यावर एका बाईने त्याचा हात थोपटला, असं त्याच्या बायकोने मला नंतर सांगितलं.

तो परत आमच्या वॉर्डात आला तेव्हा पडदा त्यानेच ओढून घेतला. "किती?"

मी त्याच्या बायकोकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. मी सांगितलं. उन्हाळा नाही. वसंत कदाचित.

तो रागावेल, म्हणून मी तयारीने उभा होतो. त्याने फक्त हिशेब केल्यासारखे डोळे मिटले. "मी आत्ता अकरा वर्षांचा आहे," तो म्हणाला. "युद्ध अजून सुरू व्हायचंय."

ते लहान पुस्तक झालं नाही, हे इथेच सांगून टाकतो. मोठ्याची साडेतीनशे पानं आहेत आणि त्यात त्याची मुंज व्हायच्या वयापर्यंतची हकीकत आहे. घरात टाइपरायटर गप्प झाला, कारण उजवा हातच गेला. डाव्या हाताने दोन ओळी झाल्या. बायकोला लिहायला बसवलं, तर ती गोळी घालण्याच्या जवळ आली की उठून चूल बघायला जायची. तिला ते ऐकवेना. मार्चमध्ये तो गेला. त्या खिळे जुळवणाऱ्याची गोष्ट त्याच्याबरोबर गेली. मला माहीत आहे ती तुम्हाला वर सांगितली तेवढीच.

पण त्याआधी, फेब्रुवारीत, मी एका शनिवारी दुपारी त्याच्या घरी गेलो होतो. कुणी बोलावलं नव्हतं. तो खिडकीपाशी उशांना टेकून बसला होता, नाकात ऑक्सिजनची नळी. बायको स्वयंपाकघरात. मी एक नवं पेन नेलं होतं. म्हटलं, तुम्ही सांगा, मी उतरून घेतो, इंग्रजीत चालेल, रोज ड्युटी संपली की येईन. दम लागला की थांबू. मी लिहितो थोडंफार, आमच्या भाषेत, हेही सांगून पाहिलं. ते सांगायची काही गरज नव्हती.

त्याला बोलायला श्वास गोळा करावा लागत होता, त्यामुळे वाक्य तुकड्यातुकड्यांनी आलं.

"तुम्ही नको, डॉक्टर," तो म्हणाला. "यात माणूस मरतो. तुम्ही त्याला वर्षभराचं औषध लिहून द्याल."