न लिहिलेलं कारण

उज्ज्वला गेल्याचा फोन तिच्या आईनेच केला. मी ऑफिसात होते. ‘उजी गेली गं,’ एवढं म्हणून मावशी थांबल्या... मी काही बोलणार तोच म्हणाल्या, ‘तू बी उजीचंच काम करतीस न्हवं? मंग तू सांग. माज्या ताकामुळं गेली का?’ ‘मी येते, मावशी,’ एवढंच मी म्हणाले. फोन ठेवल्यावरही तो प्रश्न कानातून जाईना.

आमचं काम घरच्यांना समजावणं ही एक शिक्षाच आहे. माझ्या सासूबाईंना अजून वाटतं की मी कॉम्प्युटरवर औषधं विकते. नगरात सावेडीला एका इमारतीत बसून आम्ही अमेरिकेतल्या रुग्णांचे कागद वाचतो आणि प्रत्येक आजाराला त्याचा ठरलेला कोड देतो. उज्ज्वला जामखेडकडची, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, माझ्या शेजारच्या खुर्चीवरची. कॅन्सरचे कागद तिच्याकडे असत. केमो घेणाऱ्याचं रक्त उतरतं, हे कुणीही सांगेल. पण ते औषधाने उतरलं, कॅन्सरनेच उतरलं, की तो माणूस आधीपासूनच अशक्त होता, यावर कोड बदलतो. आणि ते आम्ही ठरवायचं नसतं. डॉक्टरांनी कारण लिहिलं नसेल तर त्यांना विचारायचं, तेही ‘औषधामुळेच ना?’ असं नाही. प्रश्नात उत्तर घालायचं नाही, हा आमच्या कामाचा नियम. मला तो छळ वाटायचा. केमो चालू आहे, रक्त कमी आहे, आणखी काय पुरावा हवा? यावर ती खुर्ची मागे सरकवून म्हणायची, ‘कावळा बसला, फांदी तुटली. कर आता कावळ्यावर केस.’

हे खूळ तिच्या कामापुरतं नव्हतं. टपरीवरचं दूध नासलं की मी शिव्या घालायचे, तर ही चहावाल्याला विचारत बसायची, भांडं कशाने धुतलं, दूध कधी आलं, कालचं त्यात मिसळलं का. तो बिचारा आम्हाला लांबून बघूनच गॅस बारीक करायचा. मला तिचा राग यायचा आणि तिच्याशिवाय चहाही गोड लागायचा नाही.

मग तिच्याच छातीत गाठ निघाली. केमो सुरू झाली, तिची आई गावाहून तिच्या खोलीवर राहायला आली. रिपोर्ट आला की उज्ज्वला मला फोन करायची. ‘अगं, पांढऱ्या पेशी बघ कशा घसरल्यात! इतकी वर्षं कागदावर वाचलं, आता आतून बघतेय.’ आवाजात भीती असायची, नाही कशी असणार, पण तिच्या बरोबरीने कुतूहलही असायचं. तोंड आतून इतकं सोलवटलं होतं की पाणीही झोंबायचं. पेशी कमी आहेत, साधे जंतूही बाधतील, म्हणून घरचं दही-ताक नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण लेक उपाशी आहे हे कुठली आई किती बघेल? एका दुपारी मावशींनी ताक घुसळून अर्धा पेला तिच्या ओठांना लावला. ती गटागटा प्यायली आणि ‘आये, जीवात जीव आला’ म्हणाली. पुढे ताप चढला तो हटेना. तिला दवाखान्यात हलवलं.

डॉक्टर राउंडला आले तेव्हा मी तिच्या उशाशी होते. मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या, दिवसभर घोटभर पाणीही घेतलं नव्हतं त्यांनी. उज्ज्वलाने डोळे उघडले आणि विचारलं, ‘डॉक्टर, ताप कशामुळे?’ एवढंच. डॉक्टर काय बोलतील हे तिला माहीत नव्हतं, आणि आई समोर होती. मावशींनी तर ताकाचं सगळं सांगूनच टाकलं. डॉक्टर खुर्ची ओढून बसले. ‘पेशी औषधाने उतरल्या, हे नक्की. त्यामुळे जंतूंना वाट मिळाली. पण जंतू कुठून आला ते तपासणीत सापडलेलं नाही. बऱ्याचदा तो पेशंटच्या स्वतःच्याच पोटातला असतो. ताकानेच झालं असं मला म्हणता येत नाही. नाहीच झालं, असंही म्हणत नाही.’ उज्ज्वला आईकडे वळली. ‘ऐकलंस? त्यांना म्हाईत न्हाई. मंग तू कोन ठरवनार?’ पुढे जंतू रक्तात पसरले आणि त्यातच ती गेली.

मागच्या रविवारी जामखेडला जाऊन आले. मावशींनी मला आत नेलं, दार लोटलं आणि हळूच विचारलं, ‘खरं सांग. तिनं त्या डागदरला आधी पढवून ठिवलं हुतं का? मला बरं वाटावं म्हून?’ या वेळी मात्र मला उत्तर ठाऊक होतं. मी म्हटलं, ‘मावशी, मी तिथंच होते. आणि उज्ज्वलाला मी ओळखते. दुसऱ्याच्या तोंडात उत्तर घालणं तिला जन्मात जमलं नसतं. तुमच्यासाठीसुद्धा नाही.’ त्यांनी माझा हात धरला. मग म्हणाल्या, ‘व्हय. लई हट्टी हुती.’

बाहेर आलो तर शेजारची बाई ओट्यावर टेकलेली. मला बघून हळहळली, ‘पोरीला ताक बाधलं म्हनं.’ मी तोंड उघडणार, तेवढ्यात मावशीच बोलल्या, ‘कोन म्हनलं? डागदरला ठरवता आलं न्हाई, अन् तू ठरवतीस व्हय?’ बाई उठून आपल्या घराकडे वळली. मी मात्र तिथंच ओट्यावर बसले आणि उज्ज्वला गेल्यापासून पहिल्यांदा हमसून हमसून रडले.