विटेला पाय नसतो

माझे सासरे बसचे कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अंगातली कंडक्टरकी काही गेली नाही. स्वयंपाकघरात दोन माणसं जास्त झाली की म्हणणार, "चला, पुढे सरका, पुढे जागा आहे." पाहुणे निघताना दारात रेंगाळले की चौकटीवर दोनदा टकटक करणार. डबल बेल, म्हणजे गाडी सोडा. एकच टकटक म्हणजे थांबा. जेवताना पुरे म्हणायचं तर तोंड उघडणार नाहीत, ताटाच्या कडेवर चमच्याने एक टोला. मग सासूबाई म्हणतात, "स्टॉप आला वाटतं."

सासूबाई शिवणकाम करतात. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचं पायाचं मशीन आहे. मोटर बसवून देतो म्हणून आम्ही सगळे मागे लागलो होतो, पण "पायाला कळतं ते मोटरला कळत नाही" असं म्हणून त्यांनी आम्हाला वाटेला लावलं. त्यांच्या जिभेला कात्रीइतकीच धार आहे. मी त्यांना आई म्हणते, सासऱ्यांना बाबा, आणि दोघांवर माझा जीव आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल सून चुगल्या करतेय.

घरातलं आणखी एक माणूस म्हणजे बाबांची मोटरसायकल. जन्मभर ड्रायव्हरच्या मागे उभं राहिलेल्या माणसाने स्वतःच्या हातात घेतलेली ही एकमेव गाडी. तिला दुसऱ्या कुणाचा पाना लागलेला त्यांना खपत नाही.

तर झालं असं, की परवा मागचं चाक पंक्चर झालं. बाबांनी गाडी दारात डबलस्टँडवर घेतली, चाक काढलं, ट्यूब जोडून आणली. इथवर ठीक होतं. मग हात पुसायला फडकं हवं म्हणून ते तसेच आत आले आणि मशीनवरचा पहिला मऊ पांढरा तुकडा उचलला. तो तुकडा म्हणजे झबल्याची पाठ. ताईंचे, म्हणजे माझ्या नणंदेचे, दिवस भरत आले होते, आणि होणाऱ्या नातवंडाचं पहिलं झबलं आईंनी बेतून ठेवलं होतं. त्याच्या मधोमध आता चार काळी बोटं उमटली.

आई म्हणाल्या, "कंडक्टरने तिकिटं फाडावीत. गाडीच्या पोटात हात घालायला सांगितलंय कुणी?"

बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ते म्हणाले, "एवढंच असेल तर उद्यापासून लुडबूड नको माझ्या कामात. तुझ्यावाचून माझं काही अडत नाही."

झालं. अबोला सुरू. आईंनी तो तुकडा कढत पाण्यात घालून साबणाने घासघास घासला. काळं गेलं, करडं राहिलं. मग तो कुठे गेला ते मी पाहिलं नाही, विचारायची छातीही नव्हती. त्यानंतर घरात सगळं बोलणं माझ्या मार्फत. "सांग तुझ्या सासऱ्यांना, चहा निवतोय." "सांग तुझ्या सासूला, मला दिसतोय." तिघं एकाच खोलीत बसलेलो. नवरा कामाला बाहेरगावी, त्यामुळे जात्यात मी एकटीच.

आणि काल सकाळी फोन आला. ताईंना मुलगी झाली. दोघीही ठणठणीत.

मी ओरडतच सांगितलं. आईंनी डोळ्यांना पदर लावला, बाबांनी चष्मा काढून उगाच पुसला, आणि दोघं आनंदाने एकमेकांकडे वळले. वळले, आणि आठवलं. आई परत मशीनकडे फिरल्या. म्हणाल्या, "दुपारी भेटायची वेळ आहे ना? सांग त्यांना, मी बसने जाते. गाडीवर मी काही बसायची नाही."

कंडक्टरच्या बायकोने नवऱ्याला टाकून बसने जायचं. बाबांच्या चेहऱ्यावरचं पाणीच उतरलं. ते बाहेर पायरीवर जाऊन बसले, आणि मी चहा घेऊन गेले तेव्हा हळूच म्हणाले, "तुझ्या नणंदेला जन्मल्यावर दवाखान्यातून घरी आणलं ना, ते याच गाडीवरून. ही मागे, मांडीवर पोर. मी इतकी हळू चालवली की सायकलवाले पुढे गेले. आज त्या पोरीची पोर बघायला हिला दुसऱ्याच्या गाडीने जाऊ देऊ?"

"मग बोला की त्यांच्याशी."

"आधी गाडी नीट होऊ दे," ते म्हणाले. बोलायचं टाळायला पुरुषमाणसाला पाना बरा पडतो.

चाक त्यांनी आदल्या संध्याकाळीच बसवलं होतं. आता गल्लीत एक फेरी मारायला निघाले. जाताना ठीक गेले. परत येताना मागचा ब्रेक दाबला तर चाकातून म्हशीने हंबरावं तसा आवाज आला आणि गाडी बाबांसकट घरावरून पुढे निघून गेली. दुसऱ्या खेपेला पाय घासत थांबवली. तुझ्यावाचून अडत नाही म्हणाले होते, आता गाडीही अडेना.

मग शोध सुरू झाला, घोडं नेमकं कुठे पेंड खातंय याचा. ब्रेकच्या दांडीचा नट आवळला, तर चाक आतून घासू लागलं. सैल केला, तर पायडल थेट खाली. मधोमध ठेवला, तर पुन्हा हंबरडा. बाबा म्हणाले, स्प्रिंग थकली असणार. स्प्रिंग पाहिली, ती चांगली तरणीताठी. मग पुन्हा चाक काढलं. ब्रेकचे दोन्ही शू पॉलिश पेपरने घासले. ड्रम पुसायला माझ्याकडे फडकं मागितलं आणि घेताना दोनदा विचारलं, "हे नक्की फडकंच आहे ना?"

सगळं लखलखीत करून चाक चढवलं. पुन्हा फेरी, पुन्हा तोच आवाज.

आत आईंचं मशीन सकाळपासून चाललं होतं. कुणाचं तरी घाईचं काम असेल असं मला वाटलं. पण एक गंमत माझ्या लक्षात आली. बाहेर ब्रेक हंबरला की आत मशीन थांबायचं. कान टवकारल्यासारखं. मग पुन्हा सुरू.

शेवटी त्यांना राहवेना. मान वर न करता मला म्हणाल्या, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. विचार त्यांना, मागच्या चाकाचा मोठा नट आवळताना ब्रेकच्या पायडलवर कोण होतं?"

मी बाहेर जाऊन विचारलं.

बाबा म्हणाले, "कोण म्हणजे? चाक फिरू नये म्हणून खाली वीट लावली होती."

मी आत येऊन सांगितलं, "वीट होती."

आईंनी कात्री खाली ठेवली. "वीट," त्या म्हणाल्या. "विटेला पाय असतो का? इतकी वर्षं मी काय चाक धरायला उभी राहत होते? पायडल दाबलं की आत काहीतरी सरकतं, इकडेतिकडे होतं आणि मग मधोमध बसतं. बाही खांद्यात बसते तसं. ते पायाला कळतं. ते बसलं की मग नट आवळायचा, आणि आवळून होईपर्यंत पाय उचलायचा नाही."

खिडकी उघडीच होती. बाबांना सगळं ऐकू गेलं. ते हातातल्या पान्याकडे बघत राहिले. त्यांचं खरंच असं होतं, की दर वेळी "दाब" म्हणायचं, आईंनी दाबायचं, यांनी नट आवळायचा, आणि ब्रेक आपोआप नीट व्हायचा. आईंचा पाय म्हणजे चाक अडवायची उटी, एवढंच त्यांनी धरलं होतं.

"मी दाबते पायडल," मी म्हटलं.

मी दाबलं. पण काय सरकतं आणि काय बसतं, मला ओ की ठो कळेना. त्यातच ताईंनी बाळाचा फोटो पाठवला, मी मोबाइल बघायला गेले आणि पाय सुटला. बाबांनी हात टेकले. "राहू दे," म्हणाले, "तुझा पाय अजून शिकाऊ आहे."

तेवढ्यात आई तयार होऊन, पिशवी घेऊन दारात आल्या. बसची वेळ झाली होती. बाबा गाडीमागे उकिडवे बसलेले, आईंकडे पाठ. त्या पायरी उतरल्या, गाडीला वळसा घालून निघाल्या. बाबा आत्ता नाही बोलले तर त्या जाणार, आणि नातीच्या पाळण्याशी आजी-आजोबा वेगवेगळे उभे राहणार.

बाबा बोलले नाहीत. त्यांनी पान्याने मडगार्डवर एक टोला दिला.

एक बेल. आई थांबल्या.

मग आईंनी पिशवी माझ्या हातात दिली, मागे आल्या, चप्पल काढली आणि अनवाणी पाय पायडलवर ठेवला. बाबांनी नट सैल केला. आईंनी पाय दाबला, किंचित उचलला, पुन्हा दाबला, आणि मान हलवली. बाबांनी नट आवळला, अगदी दात-ओठ खाऊन. मग पान्याने दोन टोले. डबल बेल, म्हणजे सोड.

आईंनी पाय सोडला नाही.

बाबांनी पुन्हा दोन टोले दिले. आई समोर भिंतीकडे बघत उभ्या, पाय पायडलवर रोवलेला.

"सूनबाई, सांग तुझ्या सासूला..."

"मी आता रजेवर आहे, बाबा," मी म्हटलं.

बाबांनी पाना खाली ठेवला. "अगं, सोड आता."

"बोललात का?" आई म्हणाल्या. "काय सोडू? पायडल, की झबलं?"

"दोन्ही."

"आणि तुझ्यावाचून अडत नाही, ते?"

"अडतं," बाबा म्हणाले. "चाकापासून सगळं अडतं माझं. आता पाय उचल, उशीर होतोय."

आईंनी पाय उचलला. "उचलला," म्हणाल्या, आणि चप्पल घालताना तोंड वळवून हसल्या. मला दिसलं ते.

बाबांनी हात धुतले, तेही दोनदा, साबण लावून. दोघांनी हेल्मेट चढवली. आई मागे बसल्या, नीट सावरून, आणि बाबांच्या पाठीवर दोनदा थोपटलं. गाडी सुटली. फाटकापाशी पोचते न पोचते तोच त्यांनी पाठीवर एकदा थोपटलं, आणि गाडी जागच्या जागी थांबली. ना आवाज, ना धक्का. बाबांनी मागे वळून माझ्याकडे असं पाहिलं, जणू ब्रेकचा शोध त्यांनीच लावला.

"झबलं राहिलं मशीनवर," आई ओरडल्या. "पळ."

मी आत पळाले. मशीनवर झबलं घडी करून ठेवलं होतं, अजून उबदार, इस्त्री केलेलं. उचलताना घडी उलगडली. पाठीला तोच तुकडा होता. नवा बेतला नव्हता. धुऊन धुऊन मऊ झालेला, आणि मधोमध चार करड्या बोटांचे पुसट ठसे. सकाळपासून मशीन चाललं होतं ते याच्यासाठी. म्हणजे बाबा बाहेर वीट लावून झटत होते, तेव्हाच आत आईंनी सगळं सोडून दिलं होतं.

मी नेऊन दिलं. बाबांनी ते पाहिलं, मग आपल्या बोटांकडे पाहिलं.

"बघत काय बसलात?" आई म्हणाल्या. "आजोबाचा हात पाठीवर असला तर काय बिघडलं?" आणि त्यांनी बाबांच्या पाठीवर दोनदा थोपटलं.