एका पॅचमध्ये एकच काम

चार संशयी माणसं एका खोलीत बसून वर्षानुवर्षं एकमेकांचा कोड तपासत राहिली, की किस्से साचतातच. आमचं ऑफिस चंद्रपुरात. खाणीतल्या सेन्सरची लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमशी गाठ घालून देणारा कोड, म्हणजे ड्रायव्हर, आम्ही लिहितो. कोडमधला प्रत्येक बदल म्हणजे एक पॅच. तो आमचे सीनियर विनायकभाऊ यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जात नाही. आणि बाहेर, म्हणजे लिनक्स सांभाळणाऱ्यांकडे, तो स्वीकारला गेल्याशिवाय इथे कोणी पर्मनंट होत नाही!

भाऊ मूल गावचे, घरची राइस मिल. माझा पहिला पॅच नऊशे ओळींचा. त्यांनी उघडलाही नाही. म्हणाले, "एकाच पोत्यात धान, तूर, लाखोळी काऊन भरली? मले यात खडे दिसून राह्यले." खडे होतेच. अकरा निघाले.

नीलेशने धडा घेऊन त्याच्या पॅचचे तेवीस तुकडे केले. भाऊंचा संशय दुप्पट! इतकं बारीक चिरणारा माणूस काहीतरी लपवतोच म्हणे. सातव्या तुकड्यापर्यंतचाच कोड चालवून पाहिला, तर तो चालेचना. त्याला लागणारं फंक्शन एकोणिसाव्यात होतं. नीलेश दोन दिवस डबा एकटाच खात होता.

एकदा मी कॉमेंटमधलं फक्त स्पेलिंग सुधारलं. एक ओळ. भाऊंनी तीन दिवस तपासली. काहीच सापडलं नाही, तेव्हा त्यांचा संशय पक्का झाला.

पण खरा किस्सा घुग्घुसहून आलेल्या नव्या मुलीचा, प्रणालीचा. प्रोबेशनचा शेवटचा आठवडा होता आणि तिच्या धूळ मोजणाऱ्या सेन्सरच्या ड्रायव्हरवर नोकरी अडकलेली. तुकडे नेमके पाडलेले, फक्त एकात नव्या कोडबरोबर जुन्या कोडची दुरुस्ती घुसडली होती. भाऊ म्हणाले, वेगळी कर. ती म्हणाली, राहू द्या ना भाऊ. पुन्हा सांगितलं, पुन्हा नाही. एरवी ती शब्दाबाहेर जात नसे, त्यामुळे आम्हालाही शंका आली. पोरीने कुणाचा कोड उचलला की काय?

"वेगळी केल्याबिगर पॅच जानार नाई," भाऊ म्हणाले. "काय लपवून राह्यली तू?"

दुरुस्ती वेगळी पाठवली, की मूळ चूक कोणत्या पॅचने आणली ते खाली लिहावं लागतं, आणि तो पॅच लिहिणाऱ्याला मेलच्या सीसीत घ्यावं लागतं. सगळ्या जगाला ते दिसतं. प्रणालीने मान खाली घालून ती ओळ लिहिली, सीसीची जागा कोरीच ठेवली आणि स्क्रीन भाऊंकडे वळवला.

चूक आणणारा पॅच आठ वर्षांपूर्वीचा होता. भाऊंना पर्मनंट करणारा, त्यांचा पहिला.

आम्ही कोणी वर बघेना. मला तर त्या दोघांचंही वाईट वाटलं. भाऊंनी ओळ वाचली, पुन्हा वाचली.

"चूक करनाऱ्याले सीसीत ठेवा लागते," ते म्हणाले. "माहं नाव काऊन सोडलं? टाक, अन् आताच पाठव."